माझ्या बुंध्याशी राख

हो हो, मीच बोलतोय! अंगणातल्या मोठ्या कुंडीतलं ब्लूबेरीचं झुडूप. पानं पिवळी पडलीत, म्हणून ओळखलं नाहीत ना?

आमच्या जातीला थंडी फार प्यारी. मी मात्र गरम हवेतही तग धरणाऱ्या वाणाचा. एका बेकरीवाल्याने मला विकत घेतलं, तेव्हा रोपवाल्याने बजावलं होतं, "काका, याची माती आंबट ठेवा बरं का."

"आंबट माती? चाखून बघायची की काय?" म्हणत मालक असे खो खो हसले, की रोपवाल्याने पुढचं सांगणंच सोडून दिलं.

घरात चाखायचं काम काकूंचं, म्हणजे मालकांच्या बायकोचं. भट्टीतला पहिला पाव आधी त्यांच्या तोंडात. त्यांनी मान डोलावली की मग दुकान उघडायचं. पण एका तापात त्यांच्या जिभेची चवच गेली. साखर काय नि मीठ काय, सगळं सारखंच. दोन घास गिळून त्या ताट सरकवायच्या. मालक नुसते बघत बसायचे.

मग मला पहिली फळं धरली. काकूंनी सहज एक तोंडात टाकलं आणि त्यांचे डोळे गच्च मिटले.

"अहो! आंबट लागतंय!"

"काय सांगतेस!"

"खरंच! मागून जरा गोडसुद्धा!"

मालकांना रडूच फुटलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. त्यानंतर माझी दोन फळं खाल्ली की काकूंना चार घास जास्त जायचे.

तिथेच माझे ग्रह फिरले. मालकांनी माझी सेवा मनावर घेतली. त्यांचे गुलाब भट्टीच्या राखेवर आणि अंड्यांच्या टरफलांवर पोसलेले. तोच खुराक मला सुरू झाला. अहो, त्याने मातीचा आंबटपणा पार मरतो! मातीत अन्न असूनही माझी मुळं उपाशी राहू लागली. मला ना तोंड ना पाय. पानं पिवळी करण्यापलीकडे मी काय करणार? ती मी केली.

"अशक्त झालंय गं बिचारं," मालक म्हणाले आणि त्यांनी आणखी एक ओंजळ ओतली.

यंदा माझ्यावर एकच फळ पिकलं. आज सकाळी काकूंनी ते तोडलं. मालक श्वास रोखून उभे होते.

"कसं आहे?"

काकू बराच वेळ चावत राहिल्या. डोळे मिटले नाहीत की कपाळाला आठी पडली नाही. माझं फळ पाणचट निघालं होतं.

"आंबट आहे हो, छान!" त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत घाईघाईने आत गेल्या.

मालकांचा चेहरा कसा खुलला म्हणून सांगू! "बघ, लागू पडलं की नाही!" असं मला थोपटून म्हणाले आणि तडक भट्टीकडे गेले.

आता ते परत येताहेत. आज ओंजळ नाही, बादली भरून आणलीय. मालक, तुमच्या पाया पडतो हो. हसू नका, पण ओतण्याआधी एकदा, फक्त एकदा, ही माती चाखून बघा.