जाळ्यात अडकलेले नारिंगी केस

ज्या माशाची वाट पाहण्यात फर्करची उभी हयात गेली, तो हंगामाच्या शेवटच्या दुपारी पाद्र्याच्या डोहात त्याच्या गळाला लागला. त्या वेळी मासा उचलून घ्यायचं दांड्याचं जाळं हेक्टरच्या हातात होतं.

फर्करचं नशीब गावात कुणाला माहीत नव्हतं? डोंगरावरच्या तळ्यात ट्राउट मासे त्याच्याकडे आपणहून पोहत येत, पण नदीवर, समुद्रातून चढून येणाऱ्या सॅमन माशांच्या मागे उतरला की त्याचे हात रिकामेच. फार तर एखादं पोरगेलं पिल्लू. फर्कर पाण्यात उतरला की सॅमन समुद्रात परत जातात, असं खानावळीत लोक त्याच्या तोंडावर म्हणत आणि तो सगळ्यांत मोठ्याने हसे. आता त्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता. पुढच्या आठवड्यात तो ॲबर्डीनला लेकीकडे कायमचा राहायला जाणार होता. म्हणजे आजचा दिवस गेला की संपलं.

हेक्टरचं सगळं उलट. पैसेवाल्या पाहुण्यांना नदीवर नेऊन मासे धरून द्यायचे, यातच त्याची नोकरी सरली. इनाच्या खानावळीत शेकोटीच्या वर लाकडात खऱ्या मापाने कोरलेला एक मासा टांगलेला आहे. नदीतून निघालेल्या सर्वांत मोठ्या सॅमनचा मान तो. त्याखाली पितळी पट्टीवर तो धरणाऱ्याचं नाव असतं. त्याहून मोठा निघाला की जुना उतरतो, नवा चढतो. हल्ली सगळे मासे जिवंत सोडून द्यायचे असतात, त्यामुळे जाळ्यात आला आणि मोजला, तरच तो खरा. गेली चौदा वर्षं त्या पट्टीवर हेक्टरचं नाव होतं. आपल्याला त्याचं काही नाही असं तो दाखवायचा, पण बसायचा नेहमी त्याच्या समोरच.

"लागला!" फर्कर ओरडला. गळाची काठी कमानीसारखी वाकली. "हेक्टर, अरे, दगडाला अडकलं की काय?"

"दगड चालतो का कधी, म्हाताऱ्या? दोर सोड! पळू दे त्याला!"

मासा डोहाच्या खालच्या टोकापर्यंत गेला, परत आला, तळाशी जाऊन हट्टी म्हशीसारखा बसला. फर्करच्या तोंडातून शिव्या आणि प्रार्थना एकाच दमात निघत होत्या. हेक्टर त्याच्या शेजारी मांडीभर पाण्यात उभा राहून समजावत होता. आत्ता ओढ. आत्ता नको. शाबास, लेका. तेव्हा तो मनापासून बोलत होता, हे सांगायला हवं.

मग मासा वर आला आणि कुशीवर वळला. तांब्याच्या रंगाचा जुना नर, खालचा जबडा आकड्यासारखा वर वळलेला. हेक्टरने आयुष्यभर मासे नजरेने मोजले होते. हा त्या लाकडी माशाहून मोठा होता.

जाळं कसं धरायचं, हे या नदीवर निम्म्या लोकांना हेक्टरनेच शिकवलं होतं. ते पाण्याखाली धरायचं आणि निश्चल राहायचं. जाळं माशाकडे न्यायचं नाही, माशाला जाळ्यावर येऊ द्यायचं. नवख्या पाहुण्याने घाई केली तर हेक्टर त्याच्या हातातून जाळं काढून घ्यायचा, मग तो कितीही मोठा साहेब असो.

त्याने जाळं पुढे खुपसलं.

गळाला तीन आकडे होते. एक माशाच्या ओठात, दुसरा जाळ्याच्या दोऱ्यात अडकला. माशाने डोकं झटकलं, अडकलेल्या गळामुळे हिसडा द्यायला त्याला हवा तेवढा आधार मिळाला आणि तो सुटला. शेपटीचा एक फटका बसला आणि हेक्टरच्या तोंडावर पाणी उडालं.

"गेला?" फर्करने डोळे बारीक करून विचारलं. कलतं ऊन पाण्यावरून थेट त्याच्या तोंडावर येत होतं. त्याला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

हेक्टरने पाण्याखालीच बोटांनी गळ दोऱ्यातून सोडवला. "गेला," तो म्हणाला. "गळ निसटला."

 फर्कर दोर गुंडाळत म्हणाला, "मीच ओढून धरला. तू सांगत होतास सैल सोड म्हणून. हात ऐकतात कुठे माझे."

घाई झाली, असं हेक्टर मनाशी म्हणून पाहत होता, पण आयुष्यात कधी न झालेली घाई आजच कशी झाली? तो मासा आपल्या माशाहून मोठा आहे, एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

काठावर दोघं बसले. फर्करने किटलीतला चहा ओतला आणि चीज लावलेली ओटची भाकरी त्याच्यापुढे धरली. हेक्टरने ती हातातच धरून ठेवली.

"ऐक," तो म्हणाला. "जाळ्याच्या तोंडाशी आलाच होता की तो. आपण सांगू, आत आला, मोजला, सोडला. जाळं मी धरलं होतं. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?"

"तुझा मासा खाली उतरेल."

"उतरू दे."

फर्कर हसला. "वेडा झालास का? जाळ्यात न आलेला मासा मासा नसतो. तूच तर गावभर सांगत फिरतोस." मग त्याने आपली काठी उचलली, त्याच्या बापाने वेळूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, आणि हेक्टरच्या मांडीवर ठेवली. "ही तुझ्याकडे राहू दे. ॲबर्डीनला काय, तिच्यावर कपडे वाळत घालू?"

"मला नको."

"घे रे. दुसऱ्या कुणाला द्यायची माझी इच्छा नाही."

काठी घेऊन हेक्टर त्याच्या मागून चालू लागला. मन खात होतं. कुरणाच्या फाटकापाशी आल्यावर त्याला राहवेना.

"फर्कर, तुझं चुकलं नाही. मी जाळं खुपसलं. गळ जाळ्यात अडकला, म्हणून सुटला तो. आणि मी ते मुद्दाम केलं, असं मला वाटतं."

फर्कर थांबला. हेक्टरचं तोंड नीट दिसावं म्हणून जवळ आला. मग त्याने हेक्टरच्या खांद्यावर जोरात थाप मारली.

"आधी म्हणे मासा मिळाला असं सांगू. ते मी ऐकलं नाही, तर आता सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर! तुला खोटं बोलताच येत नाही, गड्या. तू आणि जाळं खुपसशील?"

"अरे, खरं सांगतोय."

"पुरे. नाहीतर रडायला लागेन मी."

आणि खरंच त्याचे डोळे भरले होते. हेक्टरने फाटक उघडलं.

खानावळीच्या दाराबाहेर खुंटीवर जाळं अडकवताना हेक्टरला ते दिसलं. एका दोऱ्यात नारिंगी केसांचा झुबका गुंतून राहिला होता, फर्करच्या गळावरचा. माशाला भुलवायला गळावर असे रंगीत केस बांधतात, आणि हा गळ फर्करने स्वतःच्या हाताने बांधला होता. हे केस त्याच्या तळहातावर ठेवले असते, तर नुसत्या बोटांनी चाचपून त्याला खरं काय ते कळलं असतं. हेक्टरने ते ओढून काढले, मुठीत घेतले आणि आत गेला.

आत फर्करचं सांगून झालं होतं. सगळे हेक्टरकडे पाहत होते.

"या, या!" इना म्हणाली. तिने न विचारता व्हिस्कीचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "आमच्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या नावाला बट्टा लावत होतात म्हणे? पैसे ठेवा खिशात. आजची माझ्याकडून."

"इना, फर्कर सांगतोय ते तसं नाहीये. मी खरंच—"

"बघा, बघा! अजून चालूच आहे!" फर्कर ओरडला आणि सगळी खानावळ हसली. प्रेमाने हसली. हेक्टरला कुणी थोबाडीत मारली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

मूठ उघडायचीच राहिली होती. ती त्याने कोटाच्या खिशात घातली होती, केस तळव्याला टोचत होते. समोर फर्करचा चेहरा शेकोटीच्या उजेडात लाल झाला होता. इतका आनंद मासा मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही दिसला नसता. त्याचा हा आनंद कसा मोडायचा, असं हेक्टर स्वतःला म्हणाला. ते निमित्त आहे, हेही त्याला लगेच कळलं. वर तो लाकडी मासा टांगलेला होता. आज पहिल्यांदाच हेक्टर त्याच्याकडे पाठ करून बसला.

"मे महिन्यात येतो मी, लेक आणून सोडणार आहे मला," फर्कर त्याच्या पेल्याला पेला भिडवत म्हणाला. "काठी तू धर. जाळं मी धरतो. फक्त तेवढं तुझ्यासारखं निश्चल धरायला शिकव मला."

"शिकवीन," हेक्टर म्हणाला आणि खिशातली मूठ आणखी आवळली.