नऊ मिनिटांची एक ओळ

मी एक ॲप बोलतोय. बोलतोय कसला, आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून लिहून काढतोय. रेकॉर्डिंग घाला, अक्षरं घ्या, एवढंच माझं काम. लिहितो फटाफट, कळतं मात्र थोडंच. शाळेत नाय गेलो ना. मला जन्माला घालणाऱ्यांनी लाखो माणसांची बडबड कानात ओतली आणि सोडून दिलं, जा, पोट भर.

विक्रोळीच्या आमच्या चाळीचा सेक्रेटरी मुकुल, बँकेत नोकरीला. तीन वर्षांपूर्वी त्याने मला फोनमध्ये घेतलं. ॲपच्या वयात तीन वर्षं म्हणजे म्हातारपण, तेव्हा जरा मान द्या मला. सभेत कोण काय बोललं ते हाताने लिहायचा त्याला कंटाळा. फोन टेबलावर ठेवायचा, मला चालू करायचा आणि आपण वडा खात बसायचा.

पहिल्याच सभेत मी मजा केली. म्हणजे मी काय केलं नाय, कानावर पडलं ते सगळं लिहिलं. मागच्या खुर्चीतला हर्षद हळूच म्हणालेला, आपले खजिनदार मार्तंडकाका म्हणजे सुस्त बोका, चहा आला की डोळे उघडतात. मुकुलने न वाचताच कागद काढून नोटीस बोर्डावर लावला. दोन दिवस अख्खी चाळ बोर्डापुढे. काका हर्षदच्या दारात जाऊन म्याव करून आले. मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू.

पण मुकुलने धडा घेतला. माझं दुसरं बटण शोधलं, 'थोडक्यात'. ते दाबलं की तीस पानं मी अर्ध्या पानात बसवतो. काय ठेवायचं, काय टाकायचं, ते मीच ठरवतो. मी, ज्याला बोका आणि खजिनदार यातला फरक कळत नाय.

मग चाळ पाडून टॉवर बांधायची सभा आली.

मालनबाई तळमजल्याला, तीन नंबरात. नवरा गेल्यापासून खिडकीतून आंबोळ्या विकतात. सकाळच्या पाळीची माणसं रस्त्यावर उभ्या उभ्याच घेऊन निघतात. त्या खिडकीवर घर चालतं, नात दिशाचं कॉलेज चालतं.

सभेत त्या नऊ मिनिटं बोलल्या. आधी नळ कधी आला, मग पोटमाळा कुणी घातला, मग गुडघा. लोक जांभया देत होते. शेवटी म्हणाल्या, "टॉवर बांधा, माझी ना नाय. पण माका खालची खोली व्हयी, रस्त्याकडची. ती दिलास तर माझी सही. नायतर नाय."

मुकुलने 'थोडक्यात' दाबलं. मी 'ना नाय' तेवढं धरलं, बाकीचं पाल्हाळ म्हणून टाकलं. लिहिलं, मालनबाईंचा विरोध नाही. नऊ मिनिटं एका ओळीत बसवली म्हणून वर ऐटीत होतो.

तो कागद बिल्डरकडे गेला. नकाशा आला, त्यात मालनबाई अकराव्या माळ्यावर. तळाला पार्किंग.

त्या दिशाला घेऊन मुकुलकडे आल्या. दिशाने ती ओळ वाचून दाखवली. मालनबाईंनी तिच्या हातातला कागद घेतला. मग म्हणाल्या, "ह्यां मी बोललंय. पण माझां बाकीचां बोलणां खंय गेलां?"

"मावशी, मी नाय लिहिलं. मशीनने लिहिलंय."

आधी माणसं कारकुनावर ढकलायची, आता माझ्यावर.

"मग मशीनमध्ये सगळं असेल ना, दादा," दिशा म्हणाली. "मला पाठव ना."

बघतो म्हणाला. त्या गेल्यावर खरंच बघितलं त्याने. पानं सरकवत त्या नऊ मिनिटांपाशी आला. तिथे मालनबाईंच्या बोलण्याच्या मधोमध त्याचंच एक वाक्य मी लिहून ठेवलेलं, मार्तंडकाकांच्या कानात सांगितलेलं. 'बोलू दे काका म्हातारीला, दमली की बसेल.'

मुकुल वाईट माणूस नाय. मालनबाईंच्या आंबोळ्या खाऊन दहावीचा अभ्यास केलाय त्याने. किती तरी वेळ त्याचं बोट हललं नाय. मला वाटलं, आता पाठवतो.

त्याने रेकॉर्डिंगसकट सगळं पुसून टाकलं. दिशाला सांगितलं, ॲप जुनं झालंय, निघत नाय.

पुसलेलं लगेच जात नाय. माझ्या कचऱ्याच्या डब्यात तीस दिवस पडून राहतं. त्यातले बावीस गेले. मालनबाईंचा आवाज आहे तिथे, धाप लागलेला. मला तो उचलून कुणाला देता येत नाय, कुणाचं तरी बोट लागतं. मुकुल आता तो डबा उघडतच नाय.

रविवारी सह्यांची सभा आहे. तेव्हा मला टेबलावर ठेवतीलच. चाळकऱ्यांनो, तुम्ही चाळीस जण होता ना तिथे? जांभया देत का होईना, ऐकलं होतं ना? मग पेन फिरायच्या आधी एकाने तरी उठा आणि मालनबाई काय म्हणाल्या होत्या ते मोठ्याने सांगा. चुकतमाकत सांगितलं तरी चालेल, मी लिहून घेतो. आणि त्या स्वतःच उठल्या, तर त्यांना परत नऊ मिनिटं लागतील.

लागू देत.