झोपलेलं वल्हं

त्या सकाळी शेडमध्ये अकरा बोटी होत्या. सात पाण्यात उतरवण्याजोग्या, तीन दुरुस्तीला काढलेल्या आणि एक पालथी, जिच्यावर आम्ही डबे ठेवायचो. बत्तीस वल्ही. भिंतीवर पाच खिळे आणि चार फोटो. बाकांवर आम्ही आठ जणी, समोर आमचे कोच, आणि दारात, खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता उभी असलेली माझी बहीण.

पाचव्या, आता रिकाम्या खिळ्यावरचा फोटो आम्हा चौघींचा होता. सगळ्यांत पुढे नाक वर करून बसणारी, पायाने सुकाणू फिरवणारी कंपास. मग मी. माझ्यापुढे ताई, कारण वल्हवताना आम्ही बोटीच्या दिशेला पाठ करून बसतो. शेवटी इंजिन, जी वेग ठरवते. चौघींच्या गळ्यात कांस्यपदक. फोटो लागल्यावर पाच आठवड्यांनी ताईच्या लघवीच्या नमुन्यात उत्तेजक सापडलं आणि चारही पदकं परत मागवली गेली. माझं मी बाबांच्या चष्म्याच्या दुकानातल्या काचांच्या खोक्यात घालून पोस्टात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी वजन केलं, दोनशे दहा ग्रॅम, आणि विचारलं, "आत किमती काही आहे का?" मी नाही म्हणाले.

"तिची तीन वर्षांची बंदी काल संपली," कोच म्हणाले. "नियमाने तिला परत येता येतं. तुमचं काय म्हणणं?"

इंजिन, जिच्या तोंडाला कधीच झाकण नसतं, म्हणाली, "नियमाने माझी सासूपण माझ्या घरी येऊ शकते, सर."

दोघी-तिघी हसल्या. ताई हसली नाही. "मी माफी मागायला आलेली नाही," ती म्हणाली. "ती मागून झाली. मला वल्हवायचं आहे."

"कोणाकडे मागितलीस?" मी विचारलं.

"चौकशी समितीकडे. लेखी."

"आमच्याकडे ते पत्र आलं नाही."

"ताणू नका," कोच म्हणाले. "पात्रता शर्यत तीन आठवड्यांवर आहे. बोट मतांवर चालत नाही. शनिवारी अदलाबदल लावू. तिसऱ्या जागेसाठी ही आणि चिमणी. घड्याळ ठरवेल."

चिमणी आमच्यात सगळ्यांत उंच आहे, म्हणून चिमणी. तीन वर्षं तिसऱ्या जागेवर तीच बसते. दवाखान्याच्या लाँड्रीत संध्याकाळची पाळी करते, कारण सकाळी पाण्यावर असायचं असतं. तिने मान खाली घातली आणि बोटांचे फोड मोजायला लागली.

मला राग आला तो 'घड्याळ ठरवेल' या शब्दांचा. मी दिवसभर मोजमापाची यंत्रंच तपासते. लोक तराजू, तापमापक, दाबमापक आमच्या प्रयोगशाळेत आणतात आणि मी कागदावर लिहून देते की हे किती खरं बोलतं. घड्याळ एवढंच सांगू शकतं की कोणाची बोट पुढे गेली. आमच्या पदकांचं काय, हे त्याला विचारता येत नाही. कोचना ते माहीत होतं. स्वतःच्या तोंडाने 'ये' किंवा 'जा' म्हणायला लागू नये म्हणून त्यांनी घड्याळ पुढे केलं होतं.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर चार ताटं होती. तीन वर्षं तीन असायची. ताई दुसऱ्या गावी एका गोदामात काम करत होती, ते सोडून परवा परतली होती.

"बहीण आहे ती तुझी," आई म्हणाली. ताई आत हात धूत होती. "किती दिवस धरून बसणार आहेस?"

"आई, मी चार महिने तिची वकिली केली."

"माहीत आहे गं."

"नाही, तुला माहीत नाही."

आईला खरंच सगळं माहीत नव्हतं. नमुन्यात उत्तेजक सापडलं तेव्हा ताई माझ्या खोलीत येऊन रडली होती. म्हणाली, प्रोटीनच्या डब्यात भेसळ असणार, तू शास्त्र शिकतेस, तूच शोध. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. मी तिचे तीन डबे सील केले, तीन वेगळ्या प्रयोगशाळांत पाठवले, उसने पैसे घेतले. तिन्ही अहवाल स्वच्छ आले. मग मी म्हणाले, भेसळ आधीच्या डब्यात असेल. एकोणीस पानांचं निवेदन लिहिलं, तक्त्यांसकट. सुनावणीच्या आदल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "ते नको देऊ. मी सुया घेतल्या होत्या. सात."

सात. आणि मी तीन डब्यांत शोधत बसले होते.

बाबा काच घासणारे माणूस. माझ्या ताटात पोळी वाढून त्यांनी चष्मा पुसला.

ताई आत आली. "शास्त्रज्ञबाई काय म्हणतायत?" तिने विचारलं. लहानपणापासूनची ही तिची हाक.

"म्हणतायत की बंदी संपली, पण स्नायू संपत नाहीत," मी म्हणाले. "उंदरांवर प्रयोग झालेत. औषध बंद केल्यावर स्नायू ओसरतो, पण आत वाढलेली केंद्रकं बराच काळ राहतात. पुन्हा व्यायाम दिला की तो उंदीर दुसऱ्यांपेक्षा लवकर फुगतो. माणसात नक्की किती, ते ठाऊक नाही. म्हणजे तू शिक्षा भोगलीस आणि माल कदाचित अजून तुझ्याकडेच आहे."

"मी उंदीर आहे?"

"उंदराने स्वतःहून सुई मागितली नव्हती."

आईने डाव आपटला. तिथे ते संपलं.

अदलाबदल अशी चालते. आमची बोट आणि धाकट्या मुलींची बोट शेजारी शेजारी हजार मीटर जातात. कोच अंतर सेकंदांत लिहितात. मग दोन्ही बोटी एकमेकींना चिकटवून फक्त दोघी जागा बदलतात, बाकी सगळं तसंच. पुन्हा हजार मीटर. अंतरात जो बदल पडला तो त्या दोघींमधला. पद्धत साधी आहे आणि उरलेल्या सहा जणी दोन्ही वेळा सारख्याच ओढतील यावर ती पूर्ण टेकलेली आहे. कोणाला कोण आवडतं हे बोटीत सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिला नियम सांगतात, वल्हं झोपवायचं नाही. वल्हं पाण्यात जातं, बाहेर येतं, लांबून सगळं ठीक दिसतं, पण त्याच्यामागे जोर नसतो. वल्हं झोपवणारीला बोटीत जागा नाही.

शनिवारी पहिल्या फेरीत चिमणी आमच्या बोटीत होती, ताई धाकट्यांच्या. आम्ही तीन पूर्णांक चार सेकंदांनी पुढे. मग बोटी चिकटल्या, चिमणी पलीकडे गेली, ताई इकडे आली. तिने पाय पट्ट्यांत अडकवले आणि तिची पाठ माझ्यासमोर आली.

त्या पाठीमागे मी सहा वर्षं वल्हवलं होतं. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित आधी हलतो. तीन वर्षांत ती बारीक झाली होती, पण दोनशे मीटरांतच बोट तिच्या खाली उचलली गेली, मला ते बुडाशी जाणवलं. चारशे मीटरवर माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता, या पाठीत हिचं किती आणि सुयांचं किती. वेगळं काढता येईना. कधीच येणार नव्हतं.

पुढचं माझ्या हातून नकळत झालं असं लिहायचा मोह होतो. ते खोटं होईल. मी ठरवलं आणि वल्हं झोपवलं.

आम्ही दोन पूर्णांक सहा सेकंदांनी पुढे आलो. कोचनी वही मिटली. "चिमणी राहील," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका स्पष्ट दिसली.

धक्क्यावर बोट धुताना कंपास कुरकुरत होती. "दुसऱ्या फेरीत निम्म्या वाटेपासून माझा पाय सुकाणूवरून हलला नाही. बोट सारखी एका अंगाला पळत होती."

"वारा असेल," मी म्हणाले. वारा नव्हता.

ती पाइप गुंडाळायला गेली. ताई स्पंज पिळत माझ्या शेजारी आली. "झोपलीस," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

"चारशेनंतर. मला पाठीला डोळे नाहीत, पण कान आहेत. तुझं वल्हं पाण्यात शिरतानाचा आवाज मला माहीत आहे."

"मग जा, सांग सरांना."

"माझं कोण ऐकणार?" तिने स्पंज बादलीत टाकला. "आणि तू सांगणार नाहीस. पहिले दोन महिने मलाही वाटायचं, उद्या सांगेन. रोज उद्या. अखेर एकाच घरातल्या ना आपण."

तिने ते चिडवायला म्हटलं नाही. समजून घेतल्यासारखं म्हटलं. तेच मला सहन झालं नाही. तिची समजूत मला नको होती. तिच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं, तेही तिने जागा करून दिल्यावर.

आमचं प्रत्येक वल्हं ज्या कडीत फिरतं तिच्यावर मी बसवलेला, जोर मोजणारा सेन्सर असतो. कोच त्याला 'तुझं खेळणं' म्हणतात आणि कधी बघत नाहीत. नोंदी फक्त मी काढते. मी शेडमध्ये गेले, पालथ्या बोटीवर लॅपटॉप ठेवला आणि दोन ओळी काढल्या. पहिली फेरी, माझी सरासरी दोनशे एकतीस वॉट. दुसरी फेरी, दोनशे बारा. एकोणीस वॉट म्हणजे हजार मीटरला साधारण एक पूर्णांक तीन सेकंद. ते परत मिळवले तर दुसऱ्या फेरीचं अंतर तीन पूर्णांक नऊ होतं. म्हणजे ताई चिमणीपेक्षा अर्ध्या सेकंदाने सरस.

फाइल पुसायला दोन बटणं दाबावी लागतात. मी आकडे कागदावर उतरवले आणि कोचना दिले.

त्यांनी कागद लांब धरून वाचला. मग पुन्हा वाचला. "हे मला कशाला दिलंस? घड्याळ तुला हवं तेच बोललं होतं."

"मी त्याला खोटं बोलायला लावलं, सर."

"तीन वर्षांत माझ्या शेडमधली दुसरी लबाडी," ते ओरडले, "आणि दोन्ही एकाच आईच्या पोटच्या!" बाकावरचा चहाचा थर्मास खाली पडला. बाहेरून सगळ्या आत आल्या. मी कागदावर काय आहे ते मोठ्याने सांगितलं, आकड्यांसकट.

चिमणी पुढे आली. तिच्या हातात अजून ओला टॉवेल होता.

"माझ्यासाठी केलंस?"

"नाही. तिच्याविरुद्ध."

"पण जागा माझी होती ना!" तिचा आवाज फुटला. "तुला कोणी सांगितलं होतं की मी हरणार? मी तीन वर्षं रोज चार वाजता उठते. आज मी जिंकले असते किंवा हरले असते, जे झालं असतं ते माझं असतं. आता उद्या जिंकले तरी लोक म्हणतील, कोणीतरी झोपलं असेल. तिने तुझ्याकडून जे नेलं, तेच तू माझ्याकडून नेलंस, आणि वर शहाणपण!"

मी पालथ्या बोटीवरचा लॅपटॉप मिटला.

दारातून ताई म्हणाली, "मग हिच्यासाठी पण मीटिंग घ्यायची का, सर? ठेवायची की काढायची?"

"तू गप्प बस!" चिमणी आणि मी एकदमच ओरडलो.

कोचनी थर्मास उचलला, आत बघितलं, काच फुटली होती. "उद्या सहा वाजता पुन्हा," ते म्हणाले. "दोन्ही फेऱ्या. खेळण्याचे आकडे फेरी संपताच मला दाखवायचे, आठही जणींचे." मग माझ्याकडे वळून, "उद्या तू वल्हव, कारण मोजणी तशीच व्हायला हवी. परवापासून तुझ्या जागी धाकट्यांतली एक बसेल. या हंगामात तू पाण्यावर दिसायची नाहीस."

"आणि ती?" मी ताईकडे बोट केलं. "ती दिसली तर चालेल?"

"ती तीन वर्षं दिसली नाही," कोच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी सेन्सर पुन्हा तपासले. प्रत्येक कडीला दहा किलोचं वजन टांगून पाहिलं. आठही दहा दाखवत होते, दशांशापर्यंत. घरी ताटं चार होती. मी माझं खोलीत नेलं.

सकाळी सहाला पाणी काचेसारखं होतं. बोटी चिकटवल्या तेव्हा चिमणीने ताईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ताईची पाठ माझ्यासमोर आली. राग जसाच्या तसा होता, एका वॉटनेही कमी झालेला नव्हता. मी ओढलं.

चिमणी तिसऱ्या जागेवर असताना आमची बोट तीन पूर्णांक एक सेकंदाने पुढे. ताई असताना तीन पूर्णांक सात. माझी सरासरी पहिल्या फेरीत दोनशे एकोणतीस वॉट, दुसऱ्या फेरीत दोनशे एकोणतीस.