सिझियमची भट्टी आणि आमचे हे

अर्धांगाच्या झटक्यानंतर आमचे हे प्रयोगशाळेत कामावर परतले, आणि मी माझी खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला लावली. उजवा हात जरा थरथरतो अजून, शब्दही उशिरा येतात.

"अगं, पहारा कशाला?"

"शिफ्टची प्रमुख मी आहे. मी वाटेल तिथे बसेन."

प्रयोग तासाभराचा होता. हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवायचा आणि अशा ऋण आयनांची सलग धार काढायची. पुढेमागे सूर्यासारखी ऊर्जा काढणारं फ्युजनचं यंत्र तापवायला ती लागणार. यांच्याकडे सिझियम हा धातू तापवायची छोटी भट्टी. तिच्यातून वाफ सोडली की आतल्या जाळीवर पातळ थर बसतो आणि आयन भरभरून निघतात. सिझियम कमी पडलं तर नको असलेले इलेक्ट्रॉन सोबत घुसतात आणि यंत्र आपणहून धार तोडतं. जास्त झालं तर ठिणग्या. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: आज भट्टीपायी धार तुटली, तर यांनी उद्यापासून ड्रॉइंगच्या टेबलावर बसायचं. साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून तर मला त्यांचा जास्त राग आला.

निम्मा वेळ झकास गेला. मग पडद्यावर इलेक्ट्रॉनची रेघ चढू लागली. हे आपले स्वस्थ.

"अहो, वाढवा की!"

रेघ धार तुटायच्या लाल खुणेकडे निघाली. मला राहवेना, मी त्यांच्यापुढून हात घालून भट्टीच्या बटणाकडे नेला. तो त्यांनी धरला, उजव्या हातानं. पकड इतकी ढिली की मी सहज सोडवून घेतला असता. पण नाही सोडवला.

"आत्ता दिलेलं... उशिरा पोचतं," ते म्हणाले. "तोवर यंत्राच्या भिंती तापतील, तिथं चिकटलेलं सिझियम सुटेल. दोन्ही मिळून ठिणग्या. घरीसुद्धा तू हेच करतेस."

"काय करते मी?"

"पहिला घास गिळायच्या आत दुसरा पुढे."

आजूबाजूच्यांनी खाली बघत हसू दाबलं. मला काही हसू आलं नाही. रेघ खुणेला टेकणार असं वाटलं, तिथेच घुटमळली आणि मुकाट उतरू लागली. माझा हात मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, बहुधा भरवसा नसावा.

तास पुरा झाला. टाळ्या पडल्या. साहेब येऊन यांच्यापुढे उभे राहिले. "काय मग, उद्या भट्टी कोण सांभाळणार?"

आजारपणापासून यांना कुणी काही विचारलं की उत्तर मीच देते. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, फोनवर लेकीलासुद्धा. आत्ताही माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. त्यांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. साहेब थांबले, मीही थांबले.

"मी," ते म्हणाले.

आणि मला सगळ्यांदेखत रडू फुटलं.