सवतीचा आवाज

आमच्या सासूबाई सासऱ्यांच्या मोटरसायकलला सवत म्हणतात. लाडाने नव्हे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गाडी आधीच घरात होती, त्यामुळे थोरली कोण आणि धाकटी कोण हा वाद अजून मिटलेला नाही. "तिचं ऑइल वेळेवर बदलतं, माझ्या गुडघ्यांकडे कोण बघतं?" हे वाक्य मी सून म्हणून या घरात आल्यापासून ऐकते आहे. सासरे अशा वेळी मान खाली घालून गाडी पुसत बसतात. हातात फडका असला की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

सासरे प्लंबर. गाडीच्या मागे हत्यारांची पेटी बांधून त्यांनी आयुष्यभर सगळं शहर पालथं घातलं, लोकांचे गळके नळ बंद केले आणि तुंबलेले पाइप मोकळे केले. संध्याकाळी गाडी कोपऱ्यावर वळली, की तिचा घोगरा आवाज ऐकून सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या. सासरे गाडी लावून, हातपाय धुऊन आत येईपर्यंत कप तयार. तोंडाने बोलणीही चालू आणि हाताने चहाही चालू, असा यांचा संसार.

मग सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बरेच आठवडे दवाखान्यात काढून ते घरी आले, तेव्हा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. जड उचलायचं नाही आणि किक तर मारायचीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. माझा नवरा काळजीने आधीच अर्धा झालेला. त्याने परस्पर गॅरेजवाल्याशी बोलून टाकलं की रविवारी दुपारी टेम्पो आण आणि गाडी घेऊन जा, सुटे भाग काढ, काय हवं ते कर.

"डोळ्यांसमोर राहिली तर बाबा एक ना एक दिवस तिच्यावर बसणार," तो मला म्हणाला. खोटं नव्हतं ते. पण त्या दिवसापासून सासऱ्यांचं जेवण कमी झालं, आणि ते मला बघवेना. शेवटी मीच मध्ये तोंड घातलं. म्हटलं, रविवारी टेम्पो येईपर्यंत चालू झाली तर गाडी राहील. मी चालवीन, बाबा मागे बसतील. नाही झाली तर गेली. नवरा लगेच कबूल झाला, कारण इतके दिवस धूळ खात पडलेली गाडी चालू होणार नाही याची त्याला खात्री होती. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला कशाला विचारता? ब्याद गेली तर सुंठीवाचून खोकला गेला."

रविवारी सकाळी मी जिन्याखालून गाडी अंगणात ओढली. ताडपत्री काढली आणि चकित झाले, कारण टाकीवर धुळीचा कण नव्हता. सासरे खुर्ची टाकून समोर बसले, शस्त्रक्रिया बघायला आलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या थाटात.

"आधी साधं बघायचं, मग अवघड," ते म्हणाले. "टाकीत पेट्रोल आहे का?"

"आहे."

"कॉक उघडलास?"

"उघडला."

"चोक ओढ आणि मार किक. पाय मोडू नकोस, गाडी दुसरी मिळेल."

मी किक मारली. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. परत मारली, परत तेच. सासऱ्यांचा चेहरा मात्र उजळला. "खोकली म्हणजे जीव आहे," ते म्हणाले.

मग प्लग काढला. काळा पडला होता. पॉलिश पेपरने घासून मी तो इंजिनाला टेकवून धरला आणि नवऱ्याला किक मारायला लावली. चांगली निळी ठिणगी पडली. म्हणजे प्लग ठीक. पेट्रोल जुनं झालं असेल म्हणून ते काढलं आणि नवऱ्याला बाटली देऊन नवीन आणायला पिटाळलं. तो तोंड वाकडं करून गेला, पण गेला. कार्बोरेटर उघडून सायकलच्या पंपाने हवा मारली, एअर फिल्टर झटकला. सासरे एकेक सांगत होते, मी करत होते, आणि माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. दर वेळी सगळं जोडून किक मारली की गाडी एकदा खोकायची आणि पुन्हा आपली मौनव्रतात.

"किक फार जड लागते बाबा," मी म्हटलं.

"थंड पडलंय इंजिन. मार अजून."

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत बसल्या होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. एरवी सवतीवर अशी वेळ आली असती तर त्यांच्या जिभेला सण असता. मी वर बघितलं की त्या बटाट्याकडे बघायच्या. सोलून झालेला बटाटा त्या पुन्हा सोलत होत्या. मनात पाल चुकचुकली. पण सासूवर आळ घ्यायचा तर हातात काहीतरी पाहिजे, माझ्या हातात नुसता पाना होता.

तेवढ्यात गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला.

नवरा माझ्याकडे बघेना. सासरे खुर्चीचा हात धरून सावकाश उठले. गाडीला लावलेला किल्ल्यांचा जुडगा काढला, गाडीची चावी त्यातून सोडवायला लागले. नख कमजोर झालेलं, कडी उघडेना. "राहू द्या बाबा, मी काढतो," नवरा म्हणाला.

"तू माझ्या काळजीनेच केलंस," सासरे म्हणाले. "मला राग नाही. फक्त इथे तिचे तुकडे करू नका, गॅरेजवर न्या." आणि त्यांनी सदऱ्याच्या बाहीने टाकी पुसली. मला रडूच आलं. मी सरळ पाठ फिरवली आणि काळ्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे उरलेला सगळा दिवस माझं तोंड इंजिनासारखं दिसत होतं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. सासूबाई हातात चिमटा घेऊन आल्या. कुणाशी काही न बोलता गाडीच्या मागे गेल्या, गुडघ्यांना दोन शब्द सुनावून खाली बसल्या, सायलेन्सरच्या तोंडात चिमटा घातला आणि ओढायला लागल्या. आतून निळ्या चौकड्यांचा फडका निघू लागला. घट्ट पिळून ठासलेला. महिनाभर मी तो घरभर शोधत होते.

"आई, तू बंद पाडलीस गाडी?" नवरा म्हणाला.

"पाडायची असती तर इतकी वर्षं थांबले असते का?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे दवाखान्यात होतात. जिन्याखाली उंदीर फिरत होते. यांनीच शिकवलंय, पाइपाचं तोंड उघडं टाकायचं नाही, बोळा घालायचा. घातला."



"जन्मभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे केलेत," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "आणि घरचा एक पाइप तुंबलेला कळला नाही तुम्हाला?"

"मग सकाळपासून बोलली का नाहीस?" सासरे म्हणाले.

सासूबाई उठल्या. फडका झटकला, घडी घातली. "मला पहिल्या किकलाच आठवलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, गप्प बसावं. जाईल आपोआप. तुम्ही घरात राहाल." मग माझ्याकडे वळून, जणू दोष माझाच, म्हणाल्या, "मार आता किक. बघतेस काय?"

मी चावी परत लावून मारली. पहिल्याच किकला गाडी धूर ओकत चालू झाली आणि तो घोगरा आवाज अंगणभर घुमला. सासऱ्यांनी टाकीवर हात ठेवला. टेम्पोवाला फाटकाशी येऊन उभा राहिला, एकेकाचं तोंड बघितलं आणि शहाण्यासारखा टेम्पोकडे परत वळला.

"मग आता का सांगितलंस?" सासऱ्यांनी आवाजावर आवाज चढवून विचारलं.

"तुम्ही नव्हतात तेव्हा चहा कधी ठेवायचा ते कळत नव्हतं मला," सासूबाई म्हणाल्या. "कधीही ठेवायचे आणि ओतून द्यायचे. कोपऱ्यावर दुसरीच कुठली गाडी वळली तरी उठायचे." एवढं बोलून त्या आत गेल्या.

सासरे चावीशी हात नेऊन थांबले. मग खिडकीच्या दिशेने म्हणाले, "अगं, बंद करू का आता?"

आतून भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "चहा उकळेपर्यंत राहू दे चालू."