खाचेचा बिल्ला

बेरीज बरोबर होती. नको इतकी बरोबर होती. नसीमने रजिस्टरची पानं तिसऱ्यांदा उलटली आणि दौतीचं झाकण लावून ती नुसतीच बसून राहिली.

लोणावळ्याच्या बाजारपेठेत तिच्या नवऱ्याचा, डॉक्टर बद्रुद्दीनचा दवाखाना होता. पुढे तपासायची खोली, मागे चार खाटा. सदतीस सालची ती थंडी भलतीच कडक पडली होती, आणि मावळात थंडी पडली की भाजलेली माणसं यायला लागतात. कुणाचं पांघरूण शेकोटीत गेलेलं, कुणाचा पदर चुलीत. गुळाच्या कढईवर काम करणाऱ्यांचे हात तर बाराही महिने. बद्रुद्दीनने विलायती मासिकात एका तपकिरी पाण्याबद्दल वाचलं होतं. हिरड्यात जो तुरट अर्क असतो, त्याच जातीचा. भाजलेल्या जागेवर ते पिचकारीने मारलं की कातडीवर काळी, चामड्यासारखी खपली धरते. ठणका थांबतो, पू धरत नाही. जुनी रीत म्हणजे मिठाच्या पाण्याने धुऊन मलमाची पट्टी. ती दिवसाआड सोडवताना पोरं अशी किंचाळत की समोरचा दुकानदार फळी लावून घेई.

"मासिकात छापलं म्हणून खरं मानणारा मी नव्हे," बद्रुद्दीन म्हणाला होता. "आपण ताडून बघू."

त्याने पत्र्याचे बिल्ले करवून घेतले. निम्म्यांच्या कडेला खाच, निम्मे गुळगुळीत. सगळे एका कापडी पिशवीत. पेशंट आला की न बघता एक बिल्ला काढायचा. खाचेचा निघाला तर ते तपकिरी पाणी, ज्याला सगळे काळं पाणी म्हणत; गुळगुळीत निघाला तर पांढरी पट्टी. डॉक्टरची मर्जी नको, पेशंटचा वशिला नको. पिशवी सांभाळायची सरुबाईने. ती जवळच्या कान्हे गावची विधवा बाई, दवाखान्याचं झाडलोटीपासून पट्ट्या उकळण्यापर्यंत सगळं बघे. आणि रजिस्टर लिहायचं नसीमने. पुण्याच्या कॉलेजात गणित घेऊन बी. ए. झालेली बायको घरात असताना कारकून कशाला?

त्या संध्याकाळी तुंगार्लीच्या घरी चहा पिता पिता बद्रुद्दीनने तिच्या खांद्यावरून रजिस्टरात डोकावून पाहिलं.

"काळं एकवीस, त्यातलं एकही गेलं नाही. पांढरं एकोणीस, सहा गेले. आता आणखी काय हवं?"

"आणखी शंभर."

"गणितवाल्यांचं पोट कधी भरतं का!"

"थट्टा नको. हा तळव्यांचा रकाना बघा." पेशंट किती भाजलाय ते त्याच्याच हाताच्या तळव्याने मोजायचं, एक तळवा, दोन तळवे, असा बद्रुद्दीनचा रिवाज होता. "खाचेवाले दोन तळवे, तीन, दीड, चार. गुळगुळीतवाले नऊ, अकरा, चौदा. सुरुवातीचे दोघं सोडले तर मोठं भाजलेलं एकही माणूस काळ्याच्या वाट्याला आलेलं नाही."

"योगायोग. नाणं टाकलं तर ओळीने पाच वेळा छाप पडतो की नाही?"

"पाच वेळा पडतो. अडतीस वेळा नाही पडत. आगीला पिशवीतली खाच कशी दिसते?"

बद्रुद्दीन हसला, पण कप खाली ठेवताना बशीवर जरा जोरात आपटला. "पोस्टात टाकायचा कागद तेवढा सुवाच्य लिहून ठेव," एवढंच म्हणाला. पुण्याच्या डॉक्टरांच्या सभेत तो कागद वाचला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नसीमने मुद्दाम सरुबाईवर नजर ठेवली. दुपारी एका आजीबाईला तिच्या मुलाने पाठुंगळी आणलं. मानेपासून कमरेपर्यंत लुगडं कातडीला चिकटलेलं. सरुबाईने पिशवीत हात घातला. तिचं तोंड दाराकडे होतं, पण बोटं आत हलत होती, तांदळातला खडा शोधावा तशी. मग बिल्ला बाहेर आला. गुळगुळीत.

"सरुबाई," बाकी कुणी नाही असं बघून नसीम म्हणाली, "पिशवीत इतका वेळ काय शोधत होतीस?"

"म्या काय शोधनार भाबी? नशिबाचं पोतडं ते. ज्याचं त्याचं त्याला गावतं."

"बोटांना खाच लागते ना?"

सरुबाईने पट्ट्यांच्या पातेल्यात काठी फिरवली. "बोटं म्हातारी झाली माजी. त्यास्नी आता काय बी लागत न्हाई." आणि हसली. पण हसताना नसीमकडे पाहिलं नाही.

नसीमला तेव्हाच कळलं होतं. पण नवऱ्याला सांगावं तर या बाईची नोकरी जाणार, आणि का करते हे विचारल्याशिवाय सांगायचं तरी काय? उद्या नीट बसवून विचारू, असं तिने ठरवलं.

उद्या उजाडला तो असा. न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब पेटलेला. अडीच वर्षांची लेक गुलजार अंगणात आपल्या बाहुलीला अंघोळ घालायच्या गडबडीत. एरवी बंब पेटला की नसीम पोरीचा हात सोडत नसे, त्यावरून शेजारणी तिला चिडवत. पण त्या सकाळी ओसरीवर कागद पुरा करताना तिची नजर एकदा, फक्त एकदा, पुन्हा त्या तळव्यांच्या रकान्यावर गेली. तेवढ्यात तोटी फिरल्याचा आवाज आला, आणि मग पोरीचा.

टांग्यात ती काय बोलली, कुणाला हाका मारल्या, तिला पुढे कधीच आठवलं नाही. दवाखान्यात बद्रुद्दीनने पोरीला पालथं घेतलं, झबलं कापलं आणि तिचाच इवला तळवा धरून मोजलं. त्याचे ओठ हलत होते. "बारा," तो म्हणाला. आवाज डॉक्टरचा होता, हात बापाचे. "काळं पाणी भरा पिचकारीत. ताजं."

सरुबाई जागची हलली नाही. मग पिशवी घेऊन पुढे आली. "दादा, बिल्ला."

"वेड लागलंय का? माझ्या पोरीला बिल्ला?"

"नेम तुमचाच हाय. समद्यास्नी बिल्ला." तिने हात घातला आणि या वेळी बोटं अजिबात लपवली नाहीत. गुळगुळीत बिल्ला काढून तिने टेबलावर ठेवला. "पांढरी पट्टी निगाली."

"बाजूला हो! चाळीस पेशंट बघितलेत मी. काळ्याचा एक गेला नाही. ते इतरांना देऊ आणि माझ्या लेकीला मात्र जुनं लावू?" त्याने स्वतःच बाटली उचलली. गुलजारच्या डाव्या खांद्यावर पहिली पिचकारी बसली. तपकिरी थेंब तिच्या पाठीवरून ओघळले. पोरगी एकदम शांत झाली. ती शांतता नसीमच्या अंगावर आली.

"का पण?" ती सरुबाईवर ओरडली. "मोठं भाजलेल्यांना पांढरंच का देत होतीस? सांग आत्ता!"

"सुरवातीच्या त्या दोगांमुळं," सरुबाई म्हणाली. आता तीही रडत होती. "आमच्या कान्ह्याच्या कोंडाजीचा ल्योक, आन् रखमाजीची सून. लय भाजलेली. काळी खपली झ्याक धरली. ठनका न्हाई, रडनं न्हाई, नुसती पडून. तवा दादांनी म्हनलं, बरी झाली, न्या घरी. चवथ्या दिशी डोळं पिवळं. लगवी काळी, कढीव काढ्यावानी. आटव्या दिशी दोगं बी ग्येली. म्या दादास्नी सांगितलं व्हतं, इच्यारा त्यास्नी. म्हनले, कावीळ गावात असतीच. मग म्या काय करावं? ल्हान भाजलेल्यास्नी काय व्हत न्हाई त्या पान्यानं. त्यास्नी द्याचं. मोटं भाजल्यालं माज्या हातनं त्या बाटलीखाली न्हाई घालवत."

बद्रुद्दीनचा पिचकारीचा हात वर तसाच राहिला.

नसीमने टेबलावरचं रजिस्टर ओढलं. पान पहिलं, ओळ दुसरी आणि तिसरी. तिच्याच वळणदार अक्षरात: बरा, घरी. बरी, घरी. दोन्हींच्या पुढे तळव्यांच्या रकान्यात तेरा आणि दहा. "ही दोघं आपण वाचलेल्यांत धरलीत," ती म्हणाली. "आणि पांढऱ्याचे जे सहा गेले, ते पट्टीने गेले नाहीत हो. ते मोठं भाजून आले म्हणून गेले. काळ्याकडे तसं कुणी पाठवलंच नाही. ठेवा ती बाटली."

तो ठेवत नव्हता. वर्षभराचं काम त्या बाटलीत होतं, आणि आता त्याची मुलगीही तिच्याखाली होती. नसीमने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. लग्नाच्या पाच वर्षांत तिने चारचौघांत कधी असं केलं नव्हतं.

"ठेवा, बद्रुद्दीन."

बाटली ठेवली गेली. खांदा मिठाच्या पाण्याने धुतला. जेवढं निघालं तेवढं निघालं. हाताच्या तीन बोटांएवढी काळी कड तशीच राहिली. मग पट्ट्या. गुलजार परत किंचाळायला लागली आणि समोरच्या दुकानदाराने फळी लावली.

पुढचे दिवस नसीमने पोरीच्या खाटेशी काढले. पहाट झाली की तिला पालथीच उचलून खिडकीशी न्यायचं, खालची पापणी ओढायची आणि उजेडात बघायचं. पांढरं. अजून पांढरं. दुसऱ्या दिवशी बद्रुद्दीन कान्ह्याला गेला. कोंडाजीने त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, एक शब्द वाकडा बोलला नाही. रखमाजी मात्र घरात असून बाहेर आला नाही. संध्याकाळी परत येऊन बद्रुद्दीनने रजिस्टर मागून घेतलं आणि त्या दोन ओळी स्वतःच्या हाताने खोडल्या. सुवाच्य लिहिलेला कागद चुलीत घातला. मग सरुबाईला हाक मारून म्हणाला, "पिशवी तुझ्याकडेच राहू दे," आणि आत निघून गेला.

चौथा दिवस उजाडला. खिडकीशी नसीमने श्वास धरून पापणी ओढली. पांढरं. तिने पुन्हा पाहिलं. दुसरा डोळा पाहिला. सरुबाईला दाखवला. सरुबाईने पोरीवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, आणि नसीमला चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागल्याचं कळलं.

तिने घास तोंडाजवळ नेला असेल नसेल, तोच दारात कुणीतरी खाकरलं. खंडाळ्याहून आलेला माणूस होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर झोळी.

"राम राम. म्या अंबाजी. खंडाळ्याच्या डागदरांकडं असतो. त्यांनी आनिक दोन बाटल्या मागितल्यात, त्या काळ्या पान्याच्या. लय गुन आला म्हनले."

नसीमचा घास हातातच राहिला. खंडाळ्याचे डॉक्टर म्हणजे बद्रुद्दीनचे मित्र. दहा दिवसांपूर्वी त्यांना दोन बाटल्या धाडल्या होत्या. पोरीच्या चार दिवसांत त्या बाटल्या दोघांच्याही मनातून साफ गेल्या होत्या.

"गुण कुणाला आला?" आतून बद्रुद्दीन बाहेर आला.

"हाटेलातल्या आचाऱ्याच्या पोरीला जी. तेल सांडलं अंगावर, आक्की पाठ. चार रोज झालं. काय खपली धरलीया, बुटाच्या चामड्यावानी! रडत न्हाई की काय न्हाई. गुमान झोपून असतीया."

"डोळे?" नसीम म्हणाली.

"आँ?"

"तिचे डोळे कसे आहेत, भाऊ?"

अंबाजीने जरा विचार केला. "आता तुमी इच्यारलं म्हनून सांगतो. काल सांजच्याला जरा पिवळं दिसलं. तिची आय म्हनली, हळदीचा हात लागला आसंल."

बद्रुद्दीनने कोट घेतला. बाह्यांत हात घालायलाही थांबला नाही. अंबाजी झोळीतून रिकाम्या बाटल्या काढून ओट्यावर मांडत होता, भरून न्यायच्या म्हणून. बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी अजून शाबूत होती. नसीमला वाकून वाचायची गरज नव्हती. अक्षर तिचंच होतं: 'मोठ्या भाजण्यावरही निर्धास्त वापरावे.'

आत गुलजारची पट्टी ओढली गेली आणि ती मोठ्याने रडायला लागली. सरुबाई तिला गप्प करायला धावली.

"राहू दे," नसीम म्हणाली. "रडू दे तिला."