दिसणारे टाके

कपडे धुवायला टाकण्याआधी थोरली प्रत्येक खिसा उलटा करून बघायची. खिशांतून काय काय निघायचं! चाव्या, औषधाच्या गोळ्या, सिनेमाची तिकिटं, एकदा तर कुणाची तरी कवळी. ती कवळी हातात नाचवत धाकटीनं दुकानभर नकला केल्या आणि मागे वळून बघते तो कवळीचा मालक तोंडावर रुमाल धरून दारात उभा!

धुणं आणि इस्त्री थोरलीकडे, रफू धाकटीकडे. दोघी सख्ख्या बहिणी, असं सगळी गल्ली धरून चालली होती. तोंडवळ्यात साम्य औषधालाही नव्हतं. पण दोन बायका एका दुकानात राबतात, मागच्या खोलीत एकत्र जेवतात, म्हणजे बहिणीच असणार. याहून जास्त विचार करायची आपल्याला कुठे सवय असते? दुकान नवं असताना एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या धाकट्या बहिणीच्या हातात जादू आहे हो!" दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मान डोलावली. तेव्हापासून त्या थोरली आणि धाकटी झाल्या. खोली भाड्यानं मिळाली, गिऱ्हाईक वाढलं, कुणी नाक मुरडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

धाकटीचं रफू म्हणजे फाटलं कुठं होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडू नये. "दिसलं तर ते रफू कसलं?" ती ऐटीत म्हणायची. काम करताना सुई तोंडात असली की टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान टेबलावर दोनदा आपटायची, टक टक. म्हणजे थोरलीनं चहा ठेवायचा.

त्या सकाळी तिनं लोकप्रतिनिधी साहेबांच्या काळ्या कोटाची बाही पुरी केली, दातानं धागा तोडला आणि खुर्चीतच कलंडली. अर्धं अंग गेलं. वाचाही गेली.

"पेशंटच्या कोण तुम्ही?" दवाखान्यात विचारलं.

"बहीण." इतक्या वर्षांच्या सवयीनं थोरलीची जीभ आपोआप वळली.

कुणा ओळखीच्यानं कळवलं म्हणून धाकटीचा भाऊ आला. बहीण जिवंत आहे की मेली, याची त्यानं कधी चौकशी केली नव्हती. पण डॉक्टरांसमोर तो छाती काढून म्हणाला, "मला एकच बहीण आहे आणि ती त्या खाटेवर आहे. ही बाई कोण, मला माहीत नाही."

डॉक्टरांनी थोरलीकडे बघितलं आणि त्या नजरेत ती चोर ठरली. खरं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण पहिल्या खोट्यात सापडलेल्या बाईचं दुसरं खरं कोण ऐकणार? आणि ऐकलं असतं, तरी कुठल्या कायद्यात त्याला जागा होती? भावानं सही केली आणि धाकटीला आपल्या घरी नेलं.

थोरली तिचा चष्मा आणि मऊ शाल घेऊन तिथं गेली. भावजयीनं दार बोटभर उघडलं. "हे घरी नाहीत. तुम्ही येऊ नका, आम्हाला त्रास होतो."

आतून आवाज आला. टक टक. थोडं थांबून पुन्हा, टक टक.

"ते काय वाजतंय?" थोरलीनं विचारलं.

"चांगला हात खाटेच्या गजावर आपटत बसते दिवसभर. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या." दार लागलं. चष्मा आणि शाल थोरलीच्या हातातच राहिली.

कोट धुवायला टाकणाऱ्या एका वकीलबाईंना तिनं आयुष्यात पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं. "आजच्या कायद्यानं तुम्ही तिच्या कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "पण दोन बायकांना, दोन पुरुषांना जोडीदाराचा हक्क देणारं विधेयक सभागृहात आलंय. आपल्या प्रतिनिधीला लिहा."

"ते वाचतात?"

"न लिहिलेलं तर नक्कीच वाचत नाहीत."

थोरलीनं लिहिलं. 'साहेब, तुमच्या कोटाची बाही कुठं फाटली होती, ते आता तुम्हालाही सापडणार नाही. जिनं ती सांधली ती माझी बहीण नाही. आम्ही दोघींनी संसार केला. ती आजारी आहे, मला हाका मारते आहे आणि मला तिच्या खाटेपाशी जाऊ देत नाहीत. विधेयकाला मत द्या, एवढीच विनंती.'

"ऑफिसात टपालाचा ढीग पडलाय, मावशी," कोट न्यायला आलेला साहेबांचा ड्रायव्हर म्हणाला. "कोटाच्या खिशात घाला. सभागृहात हाच घालतात."

तिनं पाकीट आतल्या खिशात अलगद सरकवलं. मतदान होईपर्यंत रोज सकाळी ती जरा आशेनं दुकान उघडत होती.

विधेयक पडलं. कोट धुवायला परत आला.

"साहेबांचं मत?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"विरोधात. भाषणच ठोकलं ना त्यांनी! म्हणाले, आमच्या भागात असली माणसंच नाहीत. कुणी मला एक ओळसुद्धा लिहिली नाही."

थोरलीनं सवयीनं आतला खिसा उलटा केला. पाकीट होतं तसंच होतं, बंद.

ती रडली नाही. कोट तिनं नेहमीसारखाच धुतला, इस्त्री केला. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी 'लाँड्रीवाली' लिहिलं होतं, ते खोडून तिनं लिहिलं, 'धाकटीची जोडीदार'. मग धाकटीची सुई घेतली आणि पाकीट कोटाच्या छातीवर, बाहेरून, जाड पांढऱ्या दोऱ्यानं शिवून टाकलं. टाके वेडेवाकडे आले. तिचा हात काही त्या कामातला नव्हता.

ड्रायव्हर हादरलाच. "हे काय, मावशी? साहेब चिडतील!"

"चिडायला आधी वाचावं लागेल."

तो मान हलवत गेला. वळणावर गाडी थांबवून तो टाके उसवेल, हे तिला ठाऊक होतं. मतदान तर होऊनच गेलं होतं. पुन्हा कधी होईल आणि तोवर गजावरच्या त्या हातात बळ उरेल का, हे कोण सांगणार?

वाचकहो, तुमच्याही कपाटात धाकटीनं सांधलेला एखादा कपडा असेल. काढून बघा, कुठं रफू आहे ते. सापडणार नाही.